दुकानातलं युरेनियम

सेलू, ४ एप्रिल

आचल,

आशीर्वाद लिहितो, कारण बापानं पोरीले पत्र लिहिताना आशीर्वाद लिहावाच लागते. राग जसाचा तसा आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

फोन काऊन नाई केला म्हणशील. फोनवर तू 'बाबा' म्हणून बोलली की माझा राग पातळ होते, अन् मले तो पातळ नाई होऊ द्यायचा. तुझी आई रोज मोरीत फोन घेऊन जाते, नळ सोडते अन् तुझ्यासंग बोलते. तिले वाटते मले पत्ताच नाई. वाटू दे तसंच. पाण्याची टाकी रोज रिकामी होते, तेवढंच दुखते.

आता मुद्द्यावर येतो. फेब्रुवारीतल्या शेतकरी मेळाव्याले मंडप मी टाकला, चहा मी पाजला, अन् माईक बी मीच तुझ्या हातात देला. छाती फुगवून सांगतलं, ही माझी पोरगी, रसायनशास्त्रात डॉक्टर झाली, समुद्राकाठच्या खत कारखान्यात काम करते. तेवढ्यात त्या कॉलेजच्या पोट्ट्यानं उठून विचारलं, "ताई, तुम्ही तठी नेमकं काय करता?" अन् तू सांगतलं, "खताच्या ॲसिडात थोडं युरेनियम असते, ते मी काढते."

अरे बाप्पा! असं सांगा लागते काय? 'संशोधन करतो' म्हणलं असतं तर सगळ्यांनी टाळ्या वाजवून चिवडा खाल्ला असता.

त्याच्यापुढं तू पंधरा मिनिटं समजावून सांगतलं, ते मोबाईलवर व्हिडिओ काढणाऱ्यानं कापून टाकलं. 'खतात युरेनियम' एवढंच ठेवलं. ते सेलूतून केळझरले गेलं, केळझरहून हिंगणघाटले गेलं. त्याच रात्री मी तुले म्हणलो, उद्या पुन्हा माईक घे अन् नाई म्हणून सांग. तू म्हणाली, "नाई म्हणता येत नाई, बाबा." मी म्हणलो, मग या घरी येऊ नको. तू पहाटेच्या गाडीनं निघून गेली. ते मी रागात बोललो, अन् अजून मागं घेतलं नाई.

तुले माहीत आहे मी डीएपी खत कसं विकतो. गिऱ्हाईकासमोर पोतं उघडतो, चार दाणे तळहातावर घेतो, चुना लावून तंबाखूसारखे मळतो अन् त्याच्या नाकाखाली धरतो. झणका लागला, डोळ्यात पाणी आलं, की माल खरा. सेलू तालुक्यात माझ्या तळहातावर लोकांचा विश्वास आहे. परवा एक जण म्हणते, "शेठ, आता युरेनियम मळून दाखवा." सगळे खिदळले. माझ्याच दुकानात, माझ्याच बाकावर बसून माझ्यावर हासले, आचल. मले लय लागलं ते.

माझा जुना गिऱ्हाईक बापूराव बी येत नाई. दुसऱ्याचं सोड, पण बापूराव? शाळेच्या पहिल्या दिवशी तू रडत होती तर त्यानं तुले खांद्यावर बसवून नेलतं. आता तो दुकानासमोरून मान खाली घालून जाते.

मले तुझ्याकडून एकच वाक्य पाहिजे. मोबाईलमधी तुझ्या आवाजात रेकॉर्ड कर: 'माझ्या बाबाच्या दुकानातल्या खतात युरेनियम नाई.' पेरणीच्या आत पाठवजो. ज्या लोकांनी तो व्हिडिओ पाह्यला त्यायलेच मी हे ऐकवीन. या हंगामात गिऱ्हाईक तुटलं तर पुढच्या हंगामात ते परत येत नाई, अन् माझं दुकान बसलं समज.

बाबा


सेलू, २१ एप्रिल

आचल,

आशीर्वाद.

मी एक वाक्य मागतलं, तू चार पानं रसायन पाठवलं. तुले लहानपणी बी पेन आण म्हणलं तर कंपासपेटी आणून ठेवत होती.

वाचलं मी. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा तुझ्या आईले वाचून दाखवलं. ती भाजी निवडून राह्यलती, मधीमधी 'हो का?' म्हणत होती.

मले काय समजलं ते लिहितो, चुकलं तर सांगजो. फॉस्फेटचा दगड बाहेर देशातून जहाजानं येते. युरेनियम त्या दगडातच असते, कोणी टाकलेलं नाई. दगडावर गंधकाचं तेजाब ओतलं की दगड विरघळते, जिप्सम खाली बसते अन् वर फॉस्फरिक ॲसिड राह्यते. हे युरेनियम जिप्समसंग खाली बसलं असतं तर कटकटच मिटली असती. पण ते ॲसिडात उतरते, अन् त्याच ॲसिडाचं आपलं डीएपी होते. टँकरभर ॲसिडात ते असते वाटीभर.

आता ते वाटीभर बाहेर कसं काढायचं? आधी ॲसिड थंड करायचं. त्यात पेरॉक्साइड देऊन युरेनियमले पाहिजे त्या रूपात आणायचं, नाईतर ते हालायलेच तयार नसते. मग त्यात रॉकेलसारखं तेल घोटायचं. तेलात दोन औषधं आधीच मिसळलेली, युरेनियम त्या औषधाले धरते अन् ॲसिड सोडून तेलात जाते. घोटणं बंद केलं की तेल वर, ॲसिड खाली. खालचं ॲसिड खताकडं परत. वरच्या तेलातून युरेनियम पुन्हा दुसऱ्या कडक ॲसिडात सोडवून घ्यायचं. अन् इतकं करून ते शुद्ध नसतेच, कारण त्याच्यासंग लोखंड अन् काय काय लटकून येते. म्हणून सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेल, पुन्हा धुणं. आखरीले अमोनिया देऊन पिवळी भुकटी खाली बसवायची.

तुझ्या आईनं सणासुदीच्या साड्या बी इतक्या वेळा धुतल्या नाईत.

हे सगळं ठीक. मी कौतुक बी करीन, पण आधी आखरीच्या पानाचा हिशेब दे. तिथी तू लिहिलं, 'बाबा, आमचा कारखाना प्रयोगाचा आहे, लहान आहे. तुमच्या दुकानातल्या पोत्यांचं ॲसिड आमच्याकडून गेलेलं नाई. त्यात थोडं युरेनियम असणारच. एका हंगामानं कोणाचं काही होत नाई, मातीत बी ते थोडं असतेच. पण वर्षानुवर्षं टाकत राह्यलं तर किती साठते हे पाहत राहा लागते. म्हणून आहे त्याले मी नाई म्हणत नाई.'

अवं पोरी, मग तेवढं खोटं चालते! टँकरभर ॲसिडात वाटीभर युरेनियम चालते, तर जन्मभराच्या खऱ्यात एक वाक्य खोटं काऊन नाई चालत? तुझ्यासारखं गाळून घेणारं अठी सेलूत कोण बसलं आहे?

वाक्य पाठवजो. मे लागला की लोक बी-बियाणाचं पाहायले निघतात.

बाबा


सेलू, ९ मे

आचल,

वाक्य आलं नाई. त्याच्या बदल्यात 'हे घरी करून पाहा' म्हणून प्रयोग आला. तुले बापाची शाळा घ्यायची हौस आहे.

केला मी तो प्रयोग. रॉकेल आता कुठं भेटते? स्टोव्हच्या जुन्या डब्यात बुडाशी होतं तेवढं काढलं. मेडिकलमधून टिंक्चर आयोडीन आणलं. तो पोट्टा म्हणते, "काका, कुठी लागलं?" मी म्हणलो, काळजाले. बरणीत पाणी घेतलं, टिंक्चर टाकलं, पाणी चहासारखं झालं. वरून रॉकेल टाकलं, झाकण लावलं अन् हालवलं. ठेवलं.

खरं सांगतो आचल, मी स्टुलावर बसून पाहतच राह्यलो. पाणी फिकं पडत गेलं अन् वरचं रॉकेल जांभळं होत गेलं. कोणी ढकललं नाई, कोणी ओढलं नाई. त्याले जिथं राहायचं तिथं ते आपल्या मनानं चाललं गेलं. दुकानात तर कोणी नव्हतंच. मी एकटाच 'वा!' म्हणलो.

मग मले कुबुद्धी सुचली. तू लिहिलं होतं की तुमच्याकडलं ॲसिड काळं असते, त्यात कुजकं काय काय असते, अन् घोटणं जास्त झालं की तेल अन् ॲसिडाच्या मधी साय धरते. ती ना वर जाते ना खाली. म्हणून मी वावरातली काळी माती पाण्यात कालवली अन् ती बरणी जोर लावून हालवली. झाली तुझी साय! चिखलट, फेसाळ, मधीच अडकलेली. सकाळपर्यंत ठेवली, हालली नाई. तुझ्या आईनं बरणी उचलली तर ती लोणच्याची निघाली. त्या दिवशी मले जेवायले फक्त वरणभात भेटला, लोणचं मागायची हिंमत झाली नाई.

तुझ्याकडं बी त्या सायीनं प्लांट बंद पडला, असं आईकडून समजलं. (नळ सोडला तरी मोरीचं दार पातळ आहे.) तुझा साहेब म्हणाला, वरती कळवून टाक की चालू आहे, दोन दिवसांत होईनच चालू. अन् तू कळवलं की बंद आहे. साय आपोआप बसेपर्यंत थांबा लागते, घाई केली तर आणखी धरते, असं साहेबाच्या तोंडावर सांगतलं. आता तो तुझ्यासंग बोलत नाई.

म्हणजे तठी बी तुझं तेच. मले वाटत होतं तू फक्त मलेच छळते.

बरं, मी एक पायरी उतरतो. 'नाई' म्हणू नको. 'माझ्या बाबाच्या दुकानातलं खत चांगलं आहे' एवढं म्हण. हे तर खोटं नाई? लोकांनी त्याचा काय अर्थ घ्यायचा तो घेऊ दे.

बाबा


सेलू, २४ मे

आचल,

तुझं उत्तर आलं. 'लोक जो अर्थ घेतील तो मले माहीत असताना मी तसं कसं म्हणू?' एक ओळ. चार पानं लिहिणाऱ्या पोरीची एक ओळ. ठीक.

तुझ्यावाचून माझं अडत नाई, हे कळवायले हे पत्र आहे. नागपूरहून भैयाजी आलता. माल फिरवणारा माणूस, सगळ्या दुकानांत त्याची उठबस. त्याले माझी हालत सांगतली तर तो हासत सुटला. म्हणते, "क्या शेठ, इतनीशी बात?" पिशवीतून एक गठ्ठा काढला. गोल, हिरवे स्टिकर. वर पान छापलेलं अन् खाली 'युरेनियममुक्त'. कोणी तपासलं, कुठी तपासलं, काही नाई. मी विचारलं तर म्हणते, "लोकं वाचतात कुठं, हिरवा रंग पाहतात."

लावले मी. माझ्या हातानं, एकेका पोत्यावर, सरळ रेषेत. तुझी आई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "आचलले विचारलं काय?" मी म्हणलो, दुकान आचलचं नाई.

अन् आले लोक! दुसऱ्याच दिवशी दोघं-तिघं, मग आणखी. तो 'मळून दाखवा'वाला बी आला, स्टिकरवर बोट ठेवून पोतं उचलून घेऊन गेला. भैयाजी खोटं बोलला नाई, लोक हिरवा रंगच पाहतात. पुन्हा बाक भरला, पुन्हा चहा सुरू झाला. तीन महिन्यांनी मले दुकानात दुकानासारखं वाटलं.

मले आनंद झाला पाहिजे होता. झाला बी. पण स्टिकर लागल्यापासून मी तळहातावर दाणे घेतले नाईत. कोणी मागतलं बी नाई, अन् मी बी दाखवतो म्हणलो नाई.

तुले हे सांगतो, कारण आई सांगीनच. रागवायचं असन तर रागव.

बाबा


सेलू, ३ जून

आचल,

तू रागावली बी नाई. उत्तरच नाई. मोरीतला नळ बी चार दिवस झाले बंद आहे. तुझ्या आईले विचारलं, तर म्हणते, "पोरगी म्हणते, बाबांचं दुकान आहे, बाबांनी ठरवावं." त्याच्यापेक्षा दोन शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं.

काल बापूराव आला. ते सांगायले बसलो आहे, दुसरं काही नाई.

दुकान भरलेलं होतं. हंगामाचे दिवस, बाकावर जागा नाई, बाहेर बैलबंड्या उभ्या. बापूराव आत आला तर मी गल्ल्यावरून उठलोच. इतक्या दिवसांनी आला म्हणून दुकानातल्या पोराले चहा सांगतला. तो बसला नाई. सरळ पोत्यांच्या थप्पीपाशी गेला, चष्मा लावला अन् स्टिकर वाचला. एकेक अक्षर जोडून वाचला. मग माझ्याकडं वळला.

"प्रभाकरराव, हे कोन म्हनते?"

"छापलं आहे ना त्याच्यावर."

"छापनाऱ्याले मी वळखत नाई. आपली आचल म्हनते काय असं?"

मी थप्पीवरचं पोतं सरळ करायले लागलो. तो म्हणाला, "नाई, मी इचारून राह्यलो. तवा मांडवात मी समोरच बसलो होतो. तिनं सांगतलं ते सारं ऐकलं, त्या व्हिडिओवाल्यावानी अर्धं नाई ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती पहाटेच निघून गेली, तवा मले वाटलं, पोरगी खरं सांगून राह्यली अन् बाप तिले दबकावून राह्यला. म्हनून तुह्या दुकानाची पायरी चढलो नाई. आता ती म्हनते का, की ह्या मालात नाई? ती म्हनत असन तर माह्या बंडीत टाक, मी दुसरं काही इचारत नाई."

पाहा आचल, मी समजत होतो बापूराव युरेनियमले भिऊन येत नाई. तो माझ्यावर रागावून येत नव्हता.

सगळं दुकान माझ्याकडं पाहून राह्यलं होतं. मले बोलायचं बी काम नव्हतं, फक्त मान हालवली असती तरी झालं असतं. बापूरावानं माल उचलला असता, अन् त्याच्यामागं आख्ख्या केळझर रस्त्यावरल्या गावांनी उचलला असता. त्याचं वजन तुले माहीत आहे. मी मान हालवायची ठरवली होती, खोटं काऊन सांगू? मान हालत होती बी.

अन् तोंडातून निघालं, "नाई. आचल असं म्हणत नाई. ती म्हणते, आहे."

बाकावरून कोणीतरी म्हणलं, "मंग हे स्टिकर?" मी म्हणलो, "हे नागपूरहून आणले. तपासलं कोणी नाई. मी लावले."

बापूरावानं विचारलं, "आहे, तर किती हाये?"

"माहीत नाई."

"वा रे शेठ! माहीत असनारी तुह्याच घरची, अन् तुले माहीत नाई." तो हासला नाई. माझ्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ तसाच ठेवला, अन् रिकामी बंडी घेऊन गेला. त्याच्यामागं एकेक करून सगळे उठले. ज्यायनं आधी माल नेला होता त्यातले दोघं तो परत घेऊन आले. मी घेतला. भैयाजीले फोन लावला अन् सांगतलं, पुन्हा माझ्या दुकानात येऊ नको. तो बी 'क्या शेठ' म्हणून हासला.

संध्याकाळी मी अन् तुझी आई स्टिकर काढत बसलो. लावले तेव्हा पटापट लागले होते, निघता निघत नव्हते. ती विळ्यानं खरडत होती, मी ओल्या फडक्यानं पुसत होतो. मधीच तिले हासू फुटलं. मले बी फुटलं. कायचं हासू होतं, देव जाणे. दुकान बसत आलं आहे अन् आम्ही दोघं म्हातारा-म्हातारी पोत्यावर बसून हासत होतो.

आता काम सांगतो. कुरियरनं एक डबा येईन. प्रत्येक थप्पीतला मूठभर माल वेगळ्या पुडीत बांधला आहे, पुडीवर पोत्यावरचं नाव लिहिलं आहे. मोजजो. जो आकडा येईन तो सांगजो. मी तो दुकानात उभा राहून मोठ्यानं सांगीन, थोडा असला तरी अन् जास्त असला तरी. ज्याले न्यायचं तो नेईन. या हंगामात कोणी नेईन असं मले वाटत नाई. आकडा कसा समजून सांगायचा ते मले येत नाई, म्हणून जमलं तर तूच घेऊन ये. घर तुझं आहे, हे लिहायची पाळी माझ्यावर आली, याची मले लाज वाटते.

तू मले लय मोठा माणूस समजू नको, आचल. दुकानासाठी मी खोटं बोललो असतो. स्टिकर लावून बोललोच होतो, अन् रात्री झोप बी चांगली लागत होती. बापूरावानं कंपनीचं नाव घेऊन विचारलं असतं, सरकारचं नाव घेतलं असतं, देवाची शपथ घातली असती, तरी मी हो म्हणलो असतो. त्यानं तुझं नाव घेतलं. तुझं नाव घेऊन खोटं बोलायले गेलो, तर तोंडातून खरंच निघालं.

तुझा
बाबा